आधी नळाचं पाणी बघा, मग झिंगे आणा

घरी काचेच्या टाकीत शोभेचे झिंगे पाळायचे असतील तर टाकी, वाळू, दिवा, फिल्टर सगळं नंतर. आधी आपल्या नळाला येणारं पाणी कुठलं आहे ते शोधा. नाशिकमध्ये याची साधारण तीन उत्तरं मिळतात. एक, महापालिकेचं, म्हणजे बहुतेक गंगापूर धरणातलं. दोन, सोसायटीच्या बोअरचं. आणि तीन, नव्या इमारतींमध्ये दिसतं ते सॉफ्टनरमधून काढलेलं बोअरचं पाणी. झिंगे जगणार की नाही, हे निम्मं इथेच ठरतं.

हे मला उलट्या क्रमाने कळलं. फोटो बघून स्थळ पसंत करावं तसं मी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रिस्टल रेड पसंत केले. दहा आणले. रोज एक, कधी दोन, असे आठवड्याभरात दहाही गेले. काळजीत काही कसूर नव्हती, उलट ती जास्तच झाली होती. माझं पाणी त्यांचं नव्हतं, एवढंच. नंतर आणलेल्या चेरी झिंग्यांची आता कितवी पिढी चालू आहे, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे.

पाणी मोजायचं कसं

पेनाएवढा टीडीएस मीटर घ्या. पाण्यात विरघळलेलं एकूण किती आहे ते तो सांगतो, काय आहे ते सांगत नाही. त्यासाठी थेंबांचे टेस्ट किट लागतात. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ज्यातून झिंग्याचं कवच बनतं. केएच म्हणजे पीएच जागेवर धरून ठेवणारा आधार. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, रंग पालटेपर्यंत थेंब टाकायचे आणि मोजायचे. जितके थेंब तितके अंश.

इंदिरानगरला माझ्या घरी महापालिकेच्या पाण्याला मीटर दीडशेच्या आसपास राहतो, पावसाळ्यात थोडा हलतो. सोसायटीच्या बोअरला तोच मीटर सातशेच्या पुढे जातो. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून स्वतः मोजा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा मोजलं तर उत्तम.

सॉफ्टनरच्या पाण्यात एक फसगत आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याजागी सोडियम सोडतो. बादलीवर पांढरे डाग पडत नाहीत म्हणून आपण खूष होतो. मीटरही जवळपास तोच आकडा दाखवतो. पण कवचाला लागणारं त्या पाण्यात उरलेलंच नसतं. अशा पाण्यात झिंगे कात टाकताना मरतात. तुमच्याकडे सॉफ्टनर असेल, तर झिंग्यांसाठी त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या किंवा आरओच्या पाण्यात झिंग्यांसाठीचं खनिज मीठ घालून वापरा.

क्लोरीनचं सोपं आहे. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी दीड-दोन दिवस उघडं ठेवा, किंवा अँटिक्लोरीनचे थेंब टाका. पावसाळ्यात नळाला वास जास्त येतो तेव्हा मी दोन्ही करते.

मग कोणते झिंगे

*चेरी आणि त्यांची रंगीत भावंडं.* शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी, मूळचे चीन-तैवानकडचे. रानात हे मातकट, जवळजवळ दिसत नाहीत असे असतात. लाल, पिवळे, नारिंगी, निळे, चॉकलेटी हे सगळे माणसाने निवडून निवडून काढलेले रंग. पीएच ६.५ ते ८, जीएच ६ ते १२, टीडीएस १५० ते ३०० आणि तापमान १८ ते २८ अंश, एवढं त्यांना चालतं. नाशिकच्या नळावर हेच पाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जीएच थोडा कमी भरला तर काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेण मिळतो, त्याचा सुपारीएवढा तुकडा टाकीत टाका. तो म्हणजे माकूळाचं हाड, जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट. सावकाश विरघळतो.

*क्रिस्टल आणि 'बी' (इंग्रजीतली मधमाशी) जातीचे.* हे कॅरिडिना. लाल क्रिस्टल जपानमध्ये १९९० च्या दशकात काळ्या बी झिंग्यांमधून निवडून तयार झाला. यांना मऊ, किंचित आंबट पाणी लागतं. पीएच ६ ते ६.८, जीएच ४ ते ६, केएच जवळपास शून्य, टीडीएस १०० ते १५०. म्हणजे आरओचं पाणी, वेगळं खनिज मीठ आणि पीएच खाली धरणारी खास माती, जी वर्ष-दीड वर्षात थकते आणि बदलावी लागते. शिवाय तापमान २० ते २४. नाशिकच्या मे महिन्यात पाणी २४ अंशांवर ठेवायचं तर एसी किंवा चिलर हवा. चेरी दोन वर्षं नीट सांभाळल्याशिवाय यांच्या वाटेला जाऊ नका.

*अमानो.* जपानी छायाचित्रकार आणि टाकी-सजावटकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी शेवाळ खाण्यासाठी हे लोकप्रिय केले, म्हणून हे नाव. पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि शेवाळावर तुटून पडतात. यांच्या अंड्यांतून मात्र झिंगा बाहेर पडत नाही, तरंगणारी अळी पडते, आणि तिला वाढायला समुद्रासारखं खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात ती थोड्याच दिवसांत मरते. मादीच्या पोटाखाली अंडी दिसली म्हणून पेढे वाटू नका.

*दुकानातले 'घोस्ट'.* काचेसारखे पारदर्शक, स्वस्त. यांत बरेचदा मॅक्रोब्रॅकियमची पिल्लं असतात. पुढचे दोन पाय लांब आणि टोकाला चिमटे असतील तर ओळखा की हा शिकारी आहे. चेरींच्या टाकीत टाकलात तर रात्रीतून हिशेब करेल. खाण्यासाठी वाढवतात तो मोठा झिंगाही याच कुळातला.

टाकी लावणं

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी साधारण पन्नास लिटर. नवख्याने छोट्या बरणीत सुरुवात करू नये, कारण पाणी जितकं थोडं तितकं ते लवकर बिघडतं. पाणी, वाळू आणि काच मिळून सत्तर किलोच्या आसपास वजन होतं, तेव्हा टीव्हीचं डुगडुगतं टेबल नको. जागा आतल्या भिंतीची निवडा. पश्चिमेची खिडकी आणि वरच्या मजल्यावरचा तापणारा स्लॅब, दोन्ही टाळा.

तळाला दीड-दोन इंच बारीक काळी खडी घाला. काळ्या तळावर लाल झिंगे जास्त गडद होतात, पांढऱ्यावर फिके पडतात. आपला काळा पाषाण चालतो, तो पाण्यात काही सोडत नाही. दगड ओळखीचा नसेल तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर त्यात चुना आहे.

फिल्टर स्पंजचा, एअर पंपावर चालणारा. दुसरा कुठला घेऊ नका. मोटरवाल्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात, आणि स्पंजवर जमणारा थर त्यांना खायलाही मिळतो. पंपाच्या नळीत चेक व्हॉल्व बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. एक बॅटरीवरचा पंप कपाटात असू द्या.

वनस्पतींमध्ये जावा मॉस हवाच. त्या गुंत्यात पिल्लं लपतात आणि तिथेच चरतात. बरोबर हॉर्नवर्ट आणि वर थोडं तरंगणारं काहीतरी. गंगेवरून, म्हणजे आपल्या गोदावरीतून, काही उपटून आणू नका. त्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात आणि एकेक अळी रोज एक झिंगा खाते. दुकानातली झाडंही आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा आणि पाणी तीनदा बदला, त्यांच्यावर औषध मारलेलं असू शकतं.

आता फिल्टर चालू करा आणि थांबा. चार ते सहा आठवडे. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकायची. ती कुजून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत झिंगा आत जाणार नाही, हे घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा. त्यानंतरही मी दोन आठवडे थांबते. काचेवर हिरवट-तपकिरी साय धरू देते. आपल्याला ती घाण दिसते, झिंग्यांना ते भरलेलं ताट असतं. आमच्या सासूबाईंनी महिनाभर ती रिकामी टाकी बघितली, मग झिंगे बघितले आणि विचारलं, "एवढी तयारी करून हे एवढेच? पुरणार कोणाला?"

घरी आणणं

दहा ते पंधरा आणा, एकाच रंगाचे आणि लहान वयाचे. मोठे दिसायला देखणे असतात, पण त्यांचं आयुष्यच दीड-दोन वर्षांचं, आणि मोठ्यांना पाणी बदललेलं सोसत नाही. एवढ्यांत नर-मादी दोन्ही निघतातच. मादी तीन सेंटिमीटरपर्यंत, पोटाकडे गोलाई असलेली, रंगाने भरलेली. नर लहान, सडपातळ, फिकट.

पिशवी टाकीत उलटी करू नका. झिंगे पिशवीतल्या पाण्यासकट एका भांड्यात ओता. हवेच्या नळीचं एक टोक टाकीत ठेवा, दुसऱ्याला सैल गाठ मारा आणि सेकंदाला दोन थेंब पडतील असं जमवा. भांड्यातलं पाणी तिप्पट व्हायला दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात स्वयंपाक होतो. मग जाळीने झिंगे उचलून टाकीत सोडा, भांड्यातलं पाणी मोरीत. दिवा त्या दिवशी बंद. दोन दिवस ते दिसलेच नाहीत तरी दगड उचलून शोधू नका.

खाणं

झिंगे दिवसभर चरतात. आपण द्यायचं ते वरकड. पन्नास लिटरमध्ये पंधरा झिंग्यांना आठवड्यातून दोनदा, मुगाच्या डाळीच्या दाण्याएवढं झिंग्यांचं खाद्य पुरतं. दोन-तीन तासांत संपलं नाही तर काढून टाका. मेलेल्या झिंग्यांपैकी निम्मे जास्त खाऊ घातल्याने मेले असतील. उरलेलं कुजतं, अमोनिया वाढतो, आणि काचेवर पांढरे बारीक किडे दिसू लागतात. त्यात तिकोनी डोक्याचा चपटा प्लॅनेरिया असेल तर तो पिल्लं खातो.

मधूनमधून लाल भोपळ्याची किंवा काकडीची उकडलेली चकती. पालक आवडतो, पण बुधवारच्या बाजारातल्या जुडीवर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. मी कुंडीतलाच पालक देते, मिनिटभर उकळून. त्यांचा खरा आवडता पदार्थ रस्त्यावर फुकट पडलेला असतो. देशी बदामाचं झाडावरून आपोआप गळलेलं, तपकिरी, कोरडं पान. धुवा, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, टाका. पंधरा दिवसांत त्याची फक्त जाळी उरते. द्राक्षाच्या मळ्यातलं पान मात्र कधीही नाही. द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो, म्हणजे तांबं. झिंग्याला तांब्याचा अंशही विषासारखा. माशांच्या अनेक औषधांतही तांबं असतं, लेबल वाचा.

पाणी बदलणं

आठवड्याला किंवा दहा दिवसांनी दहा टक्के, म्हणजे पाच लिटर. तेही नळीने सावकाश. एकदम अर्धी टाकी बदलली की झिंगे अवेळी कात टाकतात, आणि डोकं-धड यांच्यामध्ये पांढरी रिंग दिसते. ती दिसलेला झिंगा बहुधा वाचत नाही. वाफेने पातळी खाली जाते तेव्हा भर घालायची ती आरओच्या पाण्याने, कारण वाफ उडते, क्षार मागे राहतात. नळाचंच पाणी ओतत राहिलात तर टीडीएस महिन्यागणिक चढत जातो.

टाकीत रिकामं पारदर्शक कवच पडलेलं दिसलं तर घाबरू नका, झिंगा मेलेला नाही. कात आहे. काढूही नका, ते ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात.

एप्रिल, मे आणि डिसेंबर

नाशिकची हवा थंड ही ख्याती जुनी आहे. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस असतं तेव्हा पंख्याखालच्या खोलीतल्या टाकीत मी ३१ बघितले आहेत. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि झिंग्यांची भूक नेमकी तेव्हाच वाढलेली असते. उपाय माठाचा. टाकीचं झाकण काढा, वर जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका रोखा. वाफ उडते, पाणी दोन ते चार अंश उतरतं. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे हे छान चालतं. जूनमध्ये हवा दमट झाली की माठासारखाच हा पंखाही कुचकामी होतो, पण तोवर गरजही सरलेली असते. बर्फ टाकू नका, तापमानाचा झोका उष्म्यापेक्षा वाईट. बादली सकाळी लवकर भरा, दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं ते पाणी नसतं, काढा असतो.

थंडीत पाणी १७-१८ वर येतं. चेरी त्यात जगतात, फक्त अंडी धरत नाहीत. हिटर लावून २३ वर ठेवता येतं. मी लावत नाही. वर्षातून दोन महिने माद्यांना सुट्टी मिळू दे.

खोगीर, अंडी, पिल्लं

प्रजननासाठी तुम्ही काही करायचं नसतं, बघत राहायचं असतं. मादी वयात आली की डोक्यामागे पाठीवर पिवळसर डाग दिसतो, घोड्यावर खोगीर घातल्यासारखा. ही अंडाशयातली अंडी. मग ती कात टाकते आणि पाण्यात गंध सोडते. त्या संध्याकाळी टाकीकडे बघत बसा. एरवी दगडावर निवांत चरणारे सगळे नर एकदम पाण्यात उठतात आणि काचेपासून काचेपर्यंत वेड्यासारखे येरझाऱ्या घालतात. पहिल्यांदा मला वाटलं, पाण्यात विष पडलं.

दुसऱ्या दिवशी खोगीर रिकामं असतं आणि शेपटीखाली वीस-तीस अंड्यांचा झुबका. पिवळ्या मोहरीच्या दाण्यांसारखा. मादी पोटाखालचे पाय हलवून त्यांना सतत वारा घालते, मधूनच एखादं अंडं उचलून फिरवून परत ठेवते. भिंग घेऊन बघा. पंधरा-वीस दिवसांनी प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके येतात, ते डोळे. सगळं मिळून २५ ते ३० दिवस, पाणी गरम असेल तर थोडे कमी. या काळात मादीला दुसऱ्या टाकीत हलवू नका. भीतीने ती अंडी टाकून देते.

पिल्लू बाहेर पडतं ते दोन मिलिमीटरचं, पण हुबेहूब झिंगा. मॉसवर टॉर्च धरला की पारदर्शक स्वल्पविराम चालल्यासारखे दिसतात. त्यांना वेगळं खाणं नको, साय पुरते. पहिले दोन आठवडे टाकी अजिबात हलवू नका, स्पंजही पिळू नका. गप्पी, मोली, एंजल काहीही बरोबर असेल तर पिल्लं तुम्हाला दिसणारच नाहीत, त्यांना मात्र दिसतील. फार झालं तर ओटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासा आणि गोगलगायी. अडीच-तीन महिन्यांत पिल्लं स्वतः खोगीर मिरवू लागतात. बहुतेक नर निघाले तर पाण्याचं तापमान तपासा, गरम पाण्यात वाढलेल्या पिल्लांत नरांचं प्रमाण जास्त येतं.

रंगांचं एक पथ्य पाळा. लाल, निळे, पिवळे एकत्र ठेवले की ते जोड्या जमवतात, आणि दोन-तीन पिढ्यांत टाकीभर मातकट झिंगे होतात. वाईट नाहीत, मजबूत असतात, पण तुम्ही पैसे रंगाचे मोजलेत. एक टाकी, एक रंग. दर दोन महिन्यांनी फिकट नर वेगळ्या छोट्या टाकीत काढा. माझा जोर नरांवर, कारण एक फिका नर दहा माद्यांची पिल्लं फिकी करतो.

बाहेरून येणारं विष

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सफाईत आम्ही स्वयंपाकघरात झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल करून घेतलं. टाकी हॉलमध्ये, वरून चादर घातलेली, मी निर्धास्त. पंप मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी, खालच्या फळीवर होता. तो खोलीतली हवा ओढत होता आणि बुडबुड्यांनी थेट पाण्यात सोडत होता. संध्याकाळी चादर काढली तर झिंगे पाठीवर पडून पाय झाडत होते, काही गोल गोल फिरत होते. शंभराच्या वर होते, सकाळी सात उरले. चूक फवारणाऱ्याची नव्हती, त्याने विचारलं होतं की घरात मासे आहेत का. मी म्हटलं, झाकलेत.

झुरळ आणि झिंगा दोघं संधिपाद, लांबचे भाऊबंद. एकाला मारणारं दुसऱ्यालाही मारतं. म्हणून फवारणी असेल त्या दिवशी टाकी प्लास्टिकने घट्ट बंद करा आणि पंप दूरच्या, बंद दाराच्या खोलीत न्या. ते जमणार नसेल तर झिंगे बादलीसकट दोन दिवस शेजाऱ्यांकडे. डास पळवणारं लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत लावू नका. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या लावा आणि पंप पंधरा मिनिटं बंद ठेवा. हाताला सॅनिटायझर किंवा डासांचं क्रीम लावून पाण्यात हात घालू नका, मुलांनाही सांगा.

त्या सातांमध्ये अंड्यांवरची एक मादी होती. अर्धं अर्धं पाणी बदलायचं नाही हा नियम मी त्या रात्री मोडला, तीनदा. फिल्टरमध्ये कार्बन घातला. ती जगली, अंडी तिने टाकली नाहीत.

जास्त झाले तर

सहा-आठ महिन्यांत होतातच. मित्रांना द्या, दुकानदार खाद्याच्या बदल्यात घेतात, किंवा खाणं कमी करा, संख्या आपोआप थोपते. पुण्य म्हणून रामकुंडात किंवा एखाद्या तळ्यात सोडू नका. हे बाहेरच्या देशातले जीव आहेत. युरोपातल्या कोमट पाण्यात टाकीतले चेरी सुटून तिथे वस्ती करून राहिलेत. गोदावरीत आपले स्वतःचे झिंगे आहेत, त्यांच्या ताटात वाटेकरी नको.

मी देते तेव्हा प्रत्येकाला झिंग्यांबरोबर मूठभर मॉस आणि माझ्या स्पंजमधून पिळलेलं एक बाटली काळपट पाणी देते. त्यात जिवाणू असतात, नवी टाकी लवकर मुरते. पाहुणे ती बाटली बघून तोंड वाकडं करतात, झिंग्यांची पिशवी तेवढी घेतात. आठवड्याने फोन येतो, "अहो, ते काळं पाणी अजून आहे का?"